ब्येल्की-पीटरसन घराणं : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

ब्रिस्बेनला राहायला आल्यापासून एक गोष्ट लक्षात आलीय. इथल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाशी पाच मिनिटं गप्पा मारा, विषय रस्त्याचा असो, पोलिसांचा असो नाहीतर घड्याळाचा, फिरून फिरून गाडी "जोहच्या काळात" वर येतेच. मग घरी आलेले पाहुणे, ऑफिसात नवीन आलेली आपली पोरं, पुण्याहून फोनवर काका, सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

कोण हे लोक? थोडक्यात सांग.

डेन्मार्कहून आलेलं एक धार्मिक, कष्टाळू, जरा हेकट कुटुंब. त्यातला एक पोरगा, जोहानेस उर्फ जोह, शेंगदाणे पिकवता पिकवता ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचा (राजधानी आमचं ब्रिस्बेन) प्रीमियर झाला, प्रीमियर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. ८ ऑगस्ट १९६८ ते १ डिसेंबर १९८७, सलग १९ वर्षं. क्वीन्सलँडमध्ये एवढा टिकलेला दुसरा कोणी नाही. त्याची बायको फ्लो ही १९८१ ते १९९३ देशाच्या सिनेटमध्ये, म्हणजे आपल्या राज्यसभेसारख्या वरच्या सभागृहात, खासदार होती. घरातले बाकीचे व्यायामशाळा, कादंबऱ्या वगैरेत, ते खाली येतंच.

नाव कसं उच्चारायचं?

ब्येल्की-पीटरसन. जोहच्या नावातला शेवटचा एच मुका आहे, सगळे नुसतं जो म्हणतात. पण मराठीत "जो" लिहिलं की वाक्याचा पार विचका होतो, "जो म्हणाला तो गेला" म्हणजे नक्की कोण गेला, म्हणून मी आपलं जोह लिहितोय.

जन्म न्यूझीलंडचा असं वाचलं. डॅनिश लोक तिथे काय करत होते?

झाडं तोडत होते. १८७० च्या दशकात न्यूझीलंड सरकारला उत्तर बेटावरचं मोठं जंगल साफ करून रस्ते आणि रेल्वे न्यायची होती, त्यासाठी स्कँडिनेव्हियातून कुटुंबंच्या कुटुंबं आणून वसवली. १८६४ च्या लढाईत डेन्मार्कने दक्षिणेचा मोठा मुलूख गमावला होता, त्याची जखम ताजी होती, त्यामुळे १८७२ मध्ये वसलेल्या एका गावाला नाव मिळालं डॅनेव्हर्क, डॅनिश लोकांच्या जुन्या तटबंदीचं नाव. गड गेला पण नाव घेऊन आले, हे आपल्याला लगेच कळतं. ह्याच गावात १३ जानेवारी १९११ ला जोह जन्मला. वडील कार्ल लुथरन पाद्री, आई मारेन, दोघंही डेन्मार्कचे. १९१३ मध्ये सगळे क्वीन्सलँडच्या किंगरॉयला आले आणि शेत घेतलं, त्याचं नाव बेथनी. बायबलातलं गाव.

म्हणजे जोहच्या आधी घरात नावाजलेलं कोणी नव्हतं?

होतं की! आणि खरं सांगू का, मला तीच मंडळी जास्त आवडतात. कार्लची भावंडं आईवडिलांबरोबर १८९१ ला टास्मानियाच्या होबार्टमध्ये उतरली होती. जोहची आत्या मारी, जन्म १८७४ चा, कोपनहेगनजवळचा. तिने इंग्रजीत रोमँटिक कादंबऱ्या लिहिल्या, त्याही परक्या भाषेत, आणि त्या धो धो खपल्या. १९१७ च्या एका कादंबरीच्या लाखाच्या वर प्रती गेल्या. कथेसाठी ही बाई टास्मानियाच्या पश्चिमेकडच्या खाणींच्या रानात जाऊन खाणकामगारांमध्ये राहून यायची, त्या काळात, लांब झग्यात. तिच्या एका कादंबरीवर १९२५ मध्ये मूकपट पण निघाला.

आणि काका हान्स क्रिश्चन. त्याने १८९२ मध्ये, म्हणजे येऊन वर्ष होतंय न होतंय तोच, विशीतच होबार्टला व्यायामशाळा काढली. स्कँडिनेव्हियन पद्धतीचा शिस्तीतला व्यायाम, पाठ ताठ, श्वास मोजून. ते एवढं चाललं की पुढे मेलबर्न, सिडनी, आणि मग सरकारने शाळकरी कॅडेट पोरांच्या कवायतीचं काम पण त्याच्याकडे दिलं.

ती "बीजेपी" काय भानगड आहे? मुलीच्या मैत्रिणीच्या टीशर्टवर बघितलं!

हाहा, हा प्रश्न दर वर्षी एकदा तरी येतोच. ती ह्याच काकाची व्यायामशाळा. ब्येल्की-पीटरसनचं बीजेपी झालं आणि फिजिकल कल्चरचं फिझी. बीजेपी फिझी. व्यायाम, नाच आणि कवायत ह्यांचं मिश्रण, मुख्यतः मुली आणि बायका करतात, सिडनीकडे जास्त, फायनल्स ऑपेरा हाऊसमध्ये होतात. सव्वाशे वर्षांच्या वर चालू आहे. दिल्लीच्या राजकारणाशी काडीचा संबंध नाही, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवू नका.

शेंगदाण्याचं काय?

किंगरॉय म्हणजे ऑस्ट्रेलियाची शेंगदाण्याची राजधानी. ब्रिस्बेनहून वायव्येला साधारण २०० किलोमीटर. घाट चढून पलीकडे उतरलं की माती एकदम तांबडी होते, कोकणात उतरल्यासारखी, आणि गावात शिरताना शेंगदाण्याचे उंचच्या उंच सायलो, म्हणजे साठवणीची कोठारं, दिसतात. आई आली होती तेव्हा तिने रस्त्याकडेच्या व्हॅनमधून दोन किलो घेतले, घरी येऊन भाजले, हाताने सालं चोळून फुंकर मारून उडवली (माझ्या गॅलरीत अजून सापडतात) आणि कूट करून साबुदाण्यात घातलं. दाणा मोठा आहे पण आपल्यासारखा गोड नाही, हा तिचा निकाल.

जोहला नवव्या वर्षी पोलिओ झाला, पाय कायमचा थोडा लंगडा राहिला. चौदाच्या आसपास शाळा सुटली आणि शेतात जुंपला. बरीच वर्षं एका जुन्या गोठ्यातच राहायचा. आणि मग त्याने पैसा केला तो शेंगदाण्यात कमी, रान साफ करायच्या कंत्राटात जास्त. दोन मोठे साखळीवाले ट्रॅक्टर समांतर चालवायचे, दोघांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची जाडजूड साखळी बांधायची, आणि मधे येईल ते झाड मुळासकट उपटत जायचं. एका दिवसात एवढं रान आडवं की कुऱ्हाडवाल्यांना महिने लागले असते. ही पद्धत रुळवणाऱ्यांमधला तो एक. बापजाद्यांच्या पिढीने न्यूझीलंडचं जंगल तोडलं, ह्याने क्वीन्सलँडचं, फक्त इथे मशीन आलं. त्या साखळीची सवय राज्याला एवढी लागली की सरसकट झाडतोड थांबवायचा कायदा व्हायला २००४ उजाडलं.

राजकारणात कसा शिरला?

आपल्याकडे शिरतात तसाच. आधी १९४६ ला किंगरॉयच्या शायर कौन्सिलवर, म्हणजे पंचायत समिती समजा, १९४७ ला आमदार. कंट्री पार्टी, शेतकऱ्यांचा पक्ष, नंतर नाव बदलून नॅशनल पार्टी. १९५२ ला लग्न, तेव्हा वय ४१. १९६३ ला मंत्री. १९६८ ला प्रीमियर जॅक पिझी अचानक वारले आणि ह्याचा नंबर लागला. दारू नाही, सिगरेट नाही, रविवारी चर्च, बोलणं इतकं गोल गोल की वाक्य सुरू कुठे झालं आणि संपलं कुठे हे त्याला तरी कळत होतं की नाही देव जाणे. शहरातले पेपरवाले हसले. ते १९ वर्षं हसतच होते आणि हा निवडून येतच होता. पत्रकार परिषदेला तो "कोंबड्यांना दाणे टाकणं" म्हणायचा.

२० टक्के मतांवर मुख्यमंत्री? हे खरंय?

खरंय. १९७२ ची निवडणूक, ८२ जागा. लेबर पार्टीला (कामगारांचा पक्ष, जोहचे मुख्य विरोधक) जवळपास ४७ टक्के मतं आणि ३३ जागा. जोहच्या पक्षाला २० टक्के मतं, २६ जागा. मित्रपक्ष लिबरलना २२ टक्के, २१ जागा. २६ अधिक २१ म्हणजे ४७, झालं सरकार, आणि त्यातला मोठा भाऊ जोह.

जमलं कसं, तर मतदारसंघांची मापं वेगवेगळी. गावाकडच्या मतदारसंघात मतदार कमी, शहरातल्यात भरपूर, त्यामुळे किंगरॉयच्या एका मताला ब्रिस्बेनच्या मतापेक्षा जास्त वजन. आता गंमत ऐका, ही पद्धत जोहने शोधली नाही, १९४९ मध्ये खुद्द लेबर सरकारनेच आणली होती, स्वतःच्या सोयीसाठी. जोहने फक्त तिला नीट धार लावली. शिवाय क्वीन्सलँडमध्ये वरचं सभागृहच नाही, ते १९२२ लाच बंद केलेलं (तेही लेबरनेच!), म्हणजे आपल्या विधान परिषदेसारखा ब्रेक पण नाही. खालच्या सभागृहात बहुमत असलं की रात्रीत कायदा.

मोर्चांवर बंदी होती म्हणतात?

१९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेची रग्बी टीम आली, वर्णभेदाचा काळ, लोक विरोध करणार हे दिसत होतं, तर ह्याने त्या दौऱ्यासाठी महिनाभराची आणीबाणी लावली. आणीबाणी म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं तेवढं नाही, पण पोलिसांनी टॉवर मिल नावाच्या हॉटेलसमोर विद्यार्थ्यांना अंधारात पार्कात पळवून पळवून मारलं. मार खाणाऱ्यांत पीटर बीटी नावाचा एक पोरगा होता, हे नाव लक्षात ठेवा.

मग सप्टेंबर १९७७ ला त्याने जाहीरच केलं की रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांचे दिवस संपले, परवानगी मागूच नका. लोकांनी अर्थातच मोर्चे काढले, ऑक्टोबरात एकाच दिवशी ४०० च्या वर लोक धरले. इथे माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत, रिटायर्ड शिक्षक, ते अजून अभिमानाने सांगतात की मला दोनदा उचललंय, जसं आपल्याकडे जुने लोक येरवड्याचं सांगतात.

जुन्या इमारतींचं पण तसंच. विधानभवनासमोरचं बेलव्ह्यू हॉटेल, लोखंडी जाळीच्या व्हरांड्यांचं, लोकांना वाचवायचं होतं. २० एप्रिल १९७९ ला मध्यरात्रीनंतर पोलिसांच्या पहाऱ्यात पाडलं, सकाळी लोक ऑफिसला आले तेव्हा राडारोडा.

केंद्रातलं सरकार पण ह्याच्यामुळे पडलं का?

एकट्यामुळे नाही, पण चूड ह्याची पण होती. १९७५, पंतप्रधान गॉफ व्हिटलम, लेबर. सिनेटमध्ये दोन्ही बाजू अगदी काठावर. क्वीन्सलँडचा एक लेबर सिनेटर जूनमध्ये वारला. संकेत असा की राज्याच्या विधिमंडळाने त्याच पक्षाने सुचवलेला माणूस पाठवायचा. जोहने लेबरचं नाव फेटाळलं आणि अॅल्बर्ट फील्ड नावाचा माणूस पाठवला, फर्निचरला पॉलिश करणारा, कागदोपत्री लेबरचाच पण व्हिटलमवर भडकलेला. संकेतच तो, कायदा थोडाच! त्यात फील्डच्या नेमणुकीवर कोर्टात केस, त्यामुळे तो रजेवर, म्हणजे लेबरचं एक मत सरळ गायब. विरोधकांनी सिनेटमध्ये बजेट अडवलं आणि ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलने, म्हणजे देशातल्या राणीच्या प्रतिनिधीने, पंतप्रधानालाच काढलं.

मग १९७७ मध्ये देशभर सार्वमत घेऊन घटनाच बदलली, की बाबांनो, रिकाम्या सिनेट जागेवर त्याच पक्षाचा माणूस. आणि इथेच मला ह्या घराण्याबद्दल जे म्हणायचंय ते येतं. जोहने केलेल्या कायद्यांपेक्षा जोहमुळे करावे लागलेले कायदे जास्त टिकले. घटनेत ही दुरुस्ती. शांततेने जमायच्या हक्काचा कायदा, १९९२. जुन्या वास्तू वाचवायचा कायदा, तोही १९९२. मतांच्या वजनाची ती पद्धत पण त्याच सुमारास गेली. लोक मला विचारतात प्रभाव काय, तर हा.

आदिवासींच्या जमिनींचं प्रकरण?

ह्याबद्दल इथे कमी बोलतात, बोलायला पाहिजे जास्त. जॉन कोवार्टा, क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाच्या केप यॉर्क भागातल्या विक नावाच्या आदिवासी लोकांपैकी. १९७६ मध्ये त्यांच्या पूर्वजांच्याच भागातली गुरं चारायची जमीन केंद्राच्या निधीतून विकत घ्यायचं ठरलं, मालक विकायला तयार, पैसे तयार. जोहच्या सरकारने नाही म्हटलं, आदिवासींना एवढ्या मोठ्या जमिनी द्यायच्या नाहीत हे धोरण म्हणून. कोवार्टा कोर्टात गेला. १९८२ ला हायकोर्टाने (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) ४ विरुद्ध ३ ने वंशभेदविरोधी केंद्रीय कायदा वैध ठरवला. पण तोवर सरकारने त्या जमिनीचं नॅशनल पार्क करून टाकलं होतं. आयुष्यभर साखळीने झाडं उपटलेल्या माणसाला अचानक जंगलाचं प्रेम!

मग एडी माबो. टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटावरची आमची जमीन आमचीच आहे अशी केस १९८२ मध्ये टाकली. १९८५ ला जोहच्या सरकारने कायदा केला की असा काही हक्क कधी असलाच तर तो पूर्वीपासूनच गेला, भरपाई पण नाही. १९८८ ला कोर्टाने तो कायदा फेकला, का, तर तोच वंशभेदविरोधी कायदा, जो कोवार्टाच्या केसमध्ये टिकला होता. आणि ३ जून १९९२ ला माबो जिंकला, अख्ख्या ऑस्ट्रेलियात आदिवासींचा मूळ हक्क मान्य झाला. माबो स्वतः निकालाच्या काही महिने आधी गेला.

एवढं असून लोक मतं का देत होते? काहीच चांगलं केलं नाही का?

केलं ना, उगाच का १९ वर्षं. कोळशाच्या खाणी, त्यांच्यासाठी रेल्वे आणि बंदरं, धरणं, पॉवर स्टेशनं. आपल्याकडचे पोलादाचे कारखाने आज क्वीन्सलँडचा कोकिंग कोळसा घेतात, तो धंदा वाढला तो त्याच काळात. १९८२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा ब्रिस्बेनला. एक्स्पो ८८ ची, म्हणजे १९८८ च्या जागतिक प्रदर्शनाची, तयारी त्याची, रिबन कापायला मात्र खुर्ची नव्हती. नदीकाठच्या त्याच जागेवर आज साउथ बँक आहे, जिथे आपण सगळे पाहुण्यांना घेऊन जातो.

आणि वारसा कर. १९७७ पासून क्वीन्सलँडने तो काढून टाकला, झालं, दक्षिणेकडचे पैसेवाले म्हातारे गोल्ड कोस्टला घरं घ्यायला धावले, मग बाकी राज्यांनी पण काही वर्षांत काढला. (आपल्याकडे तो १९८५ ला गेला.)

घड्याळ पण. १९७१-७२ मध्ये एक उन्हाळा डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे, करून पाहिलं आणि सोडून दिलं, जोहचा पुढेही विरोधच. १९९२ च्या सार्वमतात पण लोकांनी नाहीच म्हटलं. म्हणून मला आईला फोन करताना वर्षभर साडेचार तास एवढंच लक्षात ठेवावं लागतं. ह्याबद्दल मात्र थँक्यू.

फ्लोबाईंबद्दल सांग ना.

फ्लोबाई हुशार. लग्नाआधी रस्ते खात्याच्या कमिशनरच्या सेक्रेटरी होत्या, म्हणजे सरकारी फाइल कुठून कुठे जाते हे त्यांना नवऱ्याच्या आधीपासून ठाऊक. चार मुलं वाढवली. त्या प्रसिद्ध भोपळ्याच्या स्कोनसाठी, स्कोन म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला छोटा, मऊ, गोल पाव. पत्रकार प्रश्न घेऊन यायचे आणि स्कोन खाऊन जायचे. लोक त्यांना नुसत्या स्वयंपाकघरातल्या बाई समजले, आणि त्या १२ वर्षं सिनेटमध्ये बसल्या. २०१७ च्या डिसेंबरमध्ये गेल्या, वय ९७.

मग पडला कसा?

१९८७. एकाच वर्षात सगळं. आधी डोक्यात घेतलं की आता पंतप्रधान व्हायचं, त्या "जोह फॉर पीएम" च्या नादात स्वतःच्याच बाजूच्या आघाडीत फूट पाडली, आणि लेबरचे बॉब हॉक आरामात जिंकले. निवडणूक जाहीर झाली तेव्हा हा अमेरिकेत होता!

तिकडे मे महिन्यात टीव्हीवर ब्रिस्बेनच्या बेकायदा जुगारअड्ड्यांवर, कुंटणखान्यांवर आणि पोलिसांच्या हप्त्यांवर कार्यक्रम लागला. जोह नव्हता, डेप्युटी बिल गन कामकाज बघत होते, त्यांनी चौकशी लावली. टोनी फिट्झगेराल्ड नावाचे वकील नेमले. सगळ्यांना वाटलं महिनाभरात गुंडाळतील. ती चालली दोन वर्षं, रिपोर्ट जुलै १९८९ ला. पोलीस कमिशनर टेरी लुईसला १४ वर्षांची शिक्षा, काही माजी मंत्री पण आत. साक्षीत जोहला विचारलं की सत्तेचं विभाजन म्हणजे काय, कायदेमंडळ, सरकार, न्यायालय वेगळी असतात ते. १९ वर्षं राज्य केलेल्या माणसाला धड सांगता आलं नाही.

नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याने स्वतःचेच मंत्री काढायचा घाट घातला, गव्हर्नर ऐकेनात, पक्षाने नवा नेता निवडला, तरी हा चार-पाच दिवस ऑफिसातच ठाण मांडून. शेवटी १ डिसेंबरला राजीनामा.

जेलमध्ये गेला का?

नाही. शपथेवर खोटं बोलल्याची केस १९९१ मध्ये उभी राहिली, ज्युरीचं एकमत होईना, आणि नंतर कळलं की ज्युरीचा म्होरक्या त्याच्याच पक्षाच्या युवा शाखेतला. वय ८० म्हणून पुन्हा केस चालवली नाही. २००३ मध्ये उलट ह्यानेच सरकारकडे ३३८ मिलियन डॉलरची भरपाई मागितली, मिळाली नाही.

२३ एप्रिल २००५ ला गेला. सरकारी इतमामात अंत्यविधी किंगरॉयला झाला, त्याच वेळी ब्रिस्बेनमध्ये निदर्शनं. तो इतमाम द्यायचा निर्णय घेणारे तेव्हाचे लेबर प्रीमियर कोण, तर पीटर बीटी, टॉवर मिलपाशी मार खाल्लेला तोच पोरगा.

डॅनिश म्हटल्यावर मला एल अँड टीच आठवते. काही नातं?

काही नाही. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघं इंजिनीअर मित्र, १९३८ मध्ये मुंबईत कंपनी काढली. होल्क-लार्सनना २००२ ला पद्मभूषण मिळालं. देश एक, बाकी सगळं वेगळं.

घराणं आता राजकारणात आहे का?

जोहचा मुलगा जॉन दोन-तीनदा उभा राहिला, २००६, २००९, २०१३, प्रत्येक वेळी पडला. आडनावाला लोक हात मिळवतात, मत देत नाहीत.

त्या स्कोनची रेसिपी दे, विषय संपव.

एक टेबलस्पून लोणी, अर्धा कप साखर, पाव चमचा मीठ फेटा. एक अंडं. एक कप शिजवून कुस्करलेला गार भोपळा, गरम घातलात तर पीठ चिकट होऊन हाताला लागतं, मी केलंय. दोन कप सेल्फ रेझिंग फ्लोअर (बेकिंग पावडर आधीच घातलेला मैदा), मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. जाड थापून वाटीने गोल कापा, कडक तापलेल्या ओव्हनमध्ये, २२५ डिग्रीच्या वर, १५ ते २० मिनिटं. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, हे आपले घारगेच की, फक्त तळायचा कंटाळा केलाय.